चार मिनिटांचं काम

मावशीला गिटार वाजवता येत नाही. एकतीस वर्षांत तिने एकही सूर काढलेला नाही. पण तिच्या हाताखालून गेलेल्या गिटारी एकापुढे एक मांडल्या तर रांग फाटकातून निघून नदीपलीकडे जाईल, असं पेंटर म्हणतो. पेंटरने मोजलेलं काही नाही. त्याला बोलायला आवडतं, एवढंच.

कारखान्यात तिला सगळे मावशी म्हणतात. तिच्याहून वयाने मोठे असलेलेही म्हणतात. थोरले मालक होते तोवर तेही म्हणायचे. तिला खरी भाची एकच आहे आणि ती तिला नावाने हाक मारते.

कारखाना विजेवर वाजणाऱ्या गिटारींचा. बाहेरच्याला वाटतं आत काहीतरी जादू असेल. तसं काही नाही. लाकडाच्या दोन-तीन फळ्या सरस लावून चिकटवायच्या, शिकंज्यात आवळून ठेवायच्या. दुसऱ्या दिवशी मशीन त्यातून गिटारचं अंग कापून काढतं. मान वेगळ्या लाकडाची, तिला इथे नेक म्हणतात. नेकच्या पोटात एक लोखंडी सळई, तारांच्या ओढीने तिने वाकू नये म्हणून. वर गडद लाकडाची पट्टी. पट्टीत बावीस आडव्या खाचा, खाचांत धातूच्या बावीस बारीक पट्ट्या. त्या फ्रेट. मग रंग. मग पिकअप, म्हणजे लोहचुंबकाभोवती केसासारखी तांब्याची तार हजारो वेढे देऊन गुंडाळलेली. आवाज तिथून येतो.

"बाकी सगळा ओंडका," पेंटर म्हणतो. "लोक पैसे देतात ते माझ्या रंगाचे."

"आणि तुझ्या तोंडाचे कोण देतं?" मावशी विचारते.

तिचं काम फ्रेटचं. प्रेसमध्ये फ्रेट दाबून बसवल्या की त्यांची टोकं नेकच्या दोन्ही कडांना बाहेर राहतात. ती पकडीने तोडायची. तोडल्यावर कडेला दात उरतात. ते कानशीने घासायचे, उतार द्यायचा, एकेक कोपरा गोल करायचा. सगळ्या फ्रेट एका पातळीत आणायच्या. माथे घोटायचे. वाजवणाऱ्याचा हात वरून खाली सरकला की त्याला कडेचं भानच राहता कामा नये. काम चांगलं झालं असेल तर कोणाला दिसत नाही.

मावशीच्या बोटांची टोकं केव्हाच बधिर झाली. गरम कप उचलला तरी तिला उशिरा कळतं. म्हणून ती नेकची कड तपासते ती मनगटाच्या आतल्या बाजूने. नस दिसते त्या जागी. तिथली कातडी अजून जागी आहे. तिथे बारीक पांढऱ्या रेघा आहेत, कितीतरी. नव्याने आलेले लोक त्या पाहतात आणि नजर चुकवतात. त्यांना वेगळंच काहीतरी वाटतं. मावशी खुलासा करत बसत नाही.

नेक टेबलावर येते तेव्हा तिला चिठ्ठी बांधलेली असते. निळी किंवा पिवळी. दोन्ही एकाच मशीनमधून निघतात, एकाच सरसाने चिकटतात. लाकूड एकाच ट्रकने येतं. गाठ नसलेलं निळ्यात जातं, गाठ असलेलं पिवळ्यात, आणि अंगातली गाठ रंगाखाली जाते, नेकला रंग नसल्याने तिथली दिसते. निळीचा पिकअप बाहेरून मागवतात, डबीत घालून येतो. पिवळीचा इथेच गुंडाळतात. आणि निळीची किंमत पिवळीच्या सातपट. निळी घ्यायची म्हटली तर मावशीचा चार महिन्यांचा पगार जाईल.

"सातपट?" तिच्या नवऱ्याने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तो जेवता जेवता थांबला होता. तो छापखान्यात होता, आता घरी असतो. "तेवढ्यात एक फ्रिज येईल, एक पलंग येईल आणि वर माझी कवळी होईल. त्या वाजतात तरी सातपट?"

"मला काय ठाऊक? मी कुठे ऐकते?"

"मग सातपट कशाचे?"

"माझ्या हाताचे म्हणतात."

"मग हात घेऊन घरी ये. आपण विकू."

नियम असा होता. निळीला चाळीस मिनिटं. पिवळीला चार. पिवळीच्या दोन्ही कडांवरून कानस दोनदा ओढायची आणि सोडून द्यायची. भिंतीवर तसा कागद लावला होता. मावशीकडे रोज पाच निळ्या आणि चाळीस पिवळ्या येत. तिच्यासमोरच्या टेबलावर धाकटी बसायची. ती आठ वर्षांपूर्वी आली, मावशीच्या हाताखाली शिकली, आता चाळिशीला आली तरी धाकटीच. तिच्याकडे फक्त निळ्या. तिच्या घरी ती आणि तिची आजारी आई, मिळवणारं दुसरं कोणी नाही.

मावशीने चार मिनिटांत पिवळी कधी सोडलीच नाही. ठरवून नव्हे. कानस दोनदा ओढून झाली की मनगट आपसूक कडेवर जायचं, आणि टोचलं की हात पुन्हा कानशीकडे. एका पिवळीला आठ मिनिटं जायची. त्याची भरपाई ती स्वतःच्या अंगातून करायची. सकाळी एक तास आधी यायची. दुपारी उभ्याउभ्या चार घास खायची. चहाला उठायची नाही. निळीचं चाळीस मिनिटांचं काम तिला तिसात जमायचं, तीही दहा मिनिटं पिवळीच्या पदरात. संध्याकाळी आकडा पुरा असायचा. आकडा पुरा असला की कोणी काही विचारत नाही.

धाकटी मात्र सगळं बघायची.

"मावशी, ती स्वस्तातली आहे हो. घेणारा दोन महिने वाजवेल आणि माळ्यावर टाकेल."

"टाकू दे की. टाकताना तरी हाताला लागायला नको."

असं एकतीस वर्षं चाललं.

थोरले मालक गेले आणि त्यांची मुलगी कारभार बघू लागली. सगळे तिला ताई म्हणत. ताई उद्धट नव्हती. शिकलेली होती, कमी बोलायची, प्रत्येक टेबलापाशी उभी राहून बघायची. मावशीच्या टेबलापाशी ती सगळ्यात जास्त वेळ उभी राहिली.

आठवड्याने तिने दोघींना बोलावलं. सुपरवायझर बाजूला उभा होता, हातात वही.

"मावशी, निळीच्या किमतीत सगळ्यात मोठा वाटा तुमच्या टेबलांचा आहे," ताई म्हणाली. "पिकअपपेक्षाही. रंगापेक्षाही. टोकं गोल करणारं मशीन आता मिळतं. त्याला चाळीस मिनिटं लागत नाहीत."

"मशीनला मनगट असतं का?" धाकटी पटकन बोलून गेली. मग तिने खाली पाहिलं.

"तेच बघायचंय मला. मी सहा जणांना बोलावलंय. तीन दुकानदार, तीन वाजवणारे. पाच निळ्या, पाच पिवळ्या. डोळ्यांवर रुमाल बांधायचा. गिटारीला कापड गुंडाळायचं, नेक तेवढी उघडी. वीज लावायची नाही. नुसत्या हाताने ओळखायचं महाग कुठली ते. ओळखलं तर तुमची टेबलं राहतील, माझा शब्द. नाही ओळखलं तर मी मशीन घेते." ती थांबली. "मला वाटतं ते ओळखतील. बाबा नेहमी म्हणायचे, आपण विकतो ते मावशीचं काम."

मावशीला निवृत्तीला तीन वर्षं होती. धाकटीला वीस. बाहेर आल्यावर धाकटी म्हणाली, "आंधळासुद्धा ओळखेल." तिच्या आवाजात आनंद होता. मावशीलाही तसंच वाटलं. तेव्हा खरंच तसंच वाटलं.

गुरुवारी सकाळी कँटीनमधली टेबलं भिंतीला लावली. सहा माणसं खुर्च्यांवर बसली, डोळ्यांवर रुमाल. गिटारी गोदामातूनच काढल्या होत्या, गेल्या महिन्यातल्या. सुपरवायझर एकेक हातात देत होता. पेंटर, मावशी, धाकटी दाराशी उभे होते.

"लग्नाला आल्यासारखे बसलेत," पेंटर कुजबुजला. "आता अंतरपाट तेवढा धरा."

सगळ्यात म्हातारा वाजवणारा पहिला होता. त्याने पहिली गिटार हातात घेतली, अंगठा मागून सरकवला, बोटं खाली-वर नेली. मान हलवली. दुसरी घेतली. तिसरी घेतली आणि तो थांबला. पुन्हा हात वर नेला. पुन्हा खाली आणला.

"ही," तो म्हणाला. "ही नक्की महागातली. लोण्यातून हात गेल्यासारखा जातोय. कोणी केली हो ही?"

मावशीचा चेहरा उजळला. असं तिच्या तोंडावर कोणी कधी बोललं नव्हतं. ती अर्धं पाऊल पुढे झाली. मग तिला नेकच्या टोकाशी लाकडातला तो तपकिरी डाग दिसला. ती नेक तिला आठवली. सकाळी लवकर येऊन, चहाच्या आधी केलेली. गाठीच्या लाकडाची. पिवळी.

तिने पाऊल मागे घेतलं.

पुढे ती बघत राहिली. दुसरा चुकला. तिसऱ्याने पाच बरोबर सांगितल्या, पाच चूक. एका दुकानदाराने वैतागून रुमालच ओढून काढला. "अहो, सगळ्या एकाच जातीच्या दिल्यात की काय? थट्टा करता?" सुपरवायझर वहीत खुणा करत गेला. नाणं उडवून सांगितलं असतं तरी इतपत बरोबर आलं असतं.

धाकटीने मावशीकडे पाहिलं. तिलाही कळलं होतं. रागावली असती तर बरं झालं असतं.

माणसं गेली. ताई खुर्चीवर बसून राहिली. तिचा स्वतःचा चेहराच उतरला होता. "म्हणजे फरकच नाही," ती म्हणाली. "आपण इतकी वर्षं लोकांकडून सातपट घेतोय. चाळीस मिनिटांचे घेतोय. आणि चार मिनिटांचं कामही तेवढंच." तिने सुपरवायझरला सांगितलं, "मशीनवाल्याला फोन लावा."

मावशी दारातच होती. एकतीस वर्षांत तिने वरच्यांसमोर स्वतःहून तोंड उघडलं नव्हतं.

"ताई, ते चार मिनिटांचं नाहीये."

"काय?"

"पिवळ्या. मी त्यांना आठ मिनिटं देते. कधी दहा. कडा सगळ्या गोल करते. निळीसारख्याच. माथे तेवढे कमी घोटते."

सुपरवायझरने वही मिटली. "शक्यच नाही. रोजचा आकडा बरोबर आहे यांचा. चाळीस आणि पाच. मी सही करतो."

"मी सहाला येते साहेब. तुम्ही सातला येता."

मागे कुठेतरी मशीन सुरू झालं आणि बंद पडलं.

"किती वर्षं?" ताईने विचारलं.

"आल्यापासून."

"का?"

मावशीने खरंच विचार केला. "टोचतं," ती म्हणाली.

ताईने कपाळ चोळलं. "मावशी, तुम्हाला कळतंय का तुम्ही काय केलंत? सगळं चांगलं काम तुम्ही स्वस्तातल्यांना फुकट वाटून टाकलंत. आता महागातली कोणी का घ्यावी?"

"चुकलं."

"चुकलं असं नाही म्हणत मी." ती उठली. खिडकीपाशी गेली, परत आली. "पुन्हा करू. तीच माणसं, पुढच्या गुरुवारी. पाच पिवळ्या नव्याने करा. नियमाप्रमाणे. चार मिनिटं. सुपरवायझर घड्याळ घेऊन बसतील."

"मीच करू?"

"दुसऱ्या कोणी केल्या तर मला काय कळणार? हात तोच पाहिजे."

घरी मावशीने सगळं सांगितलं. नवरा भांडी घासत होता. त्याने नळ बंद केला.

"म्हणजे मुद्दाम वाईट कर म्हणाली."

"वाईट नाही. चार मिनिटं म्हणाली."

"अगं, तेच ते."

"माझं सोडा हो. तीन वर्षं मी कुठेही काढेन. धाकटीचं काय? तिची आई अंथरुणाला खिळलीये. तिने काय केलंय? तिने कधी एक पिवळी हातात धरली नाही."

त्याने हात पुसले. तो विनोद शोधत असावा. सापडला नसावा. "कर मग," तो म्हणाला. "जरा दुसरीकडे बघत कर."

सोमवारी पाच पिवळ्या टेबलावर आल्या. सुपरवायझर स्टूल ओढून बसला. मोबाइलमध्ये घड्याळ लावलं. तो वाईट माणूस नव्हता, त्यालाही अवघडल्यासारखं झालं होतं. "करा सुरू, मावशी. मी बघत नाही, फक्त वेळ सांगतो."

तिने टोकं तोडली. कानस घेतली. डाव्या कडेवरून एकदा, दोनदा. उजव्या कडेवरून एकदा, दोनदा. सगळं दोन मिनिटांत झालं. मनगट कडेकडे गेलं. तिने ते मागे घेतलं. हात शिवशिवत होता. कानस पुन्हा उचलली गेली.

"झालं मावशी," सुपरवायझर म्हणाला.

"एकच. हा शेवटचा कोपरा. हा फार वर आलाय."

"मावशी."

"याने रक्त निघेल हो."

धाकटी उठून आली. तिने मावशीच्या हातातून कानस काढून घेतली. ओढून नाही, झोपलेल्या माणसाच्या हातातून घ्यावी तशी. ती टेबलावर ठेवली. मग दुसरी नेक समोर सरकवली आणि कानस पुन्हा मावशीच्या हातात दिली. पाचही नेकना तिने तसंच केलं. पाचव्या वेळी मावशीने कानस आपणहून खाली ठेवली.

वीस मिनिटं लागली सगळ्याला. मावशीच्या जुन्या हिशोबाने अडीच पिवळ्यांची.

गुरुवारी माणसं पुन्हा आली. गुंडाळलेल्या दहा गिटारी, डोळ्यांवर रुमाल. म्हाताऱ्या वाजवणाऱ्याने पहिली घेतली, हात खाली सरकवला आणि झटकन ओढून घेतला. बोट तोंडात घातलं.

"ही स्वस्तातली," तो म्हणाला. "आणि ही करणाऱ्याच्या हातातून गिटार काढून घ्या म्हणावं, करवत द्या."

सगळे हसले. ताईसुद्धा हसली, सुटल्यासारखी. पेंटर हसला नाही.

सहाही जणांनी दहाच्या दहा बरोबर सांगितल्या. एक दुकानदार जाताना ताईला म्हणाला, "आता कळला फरक. आता मी गिऱ्हाइकाला डोळे मिटून सातपट सांगतो." पुढच्या महिन्यापासून त्याने निळ्या दुप्पट मागवल्या.

ताईने शब्द पाळला. टेबलं राहिली. धाकटीचा पगार थोडा वाढला. मावशीचाही. फक्त पिवळ्या आता मावशीकडे यायच्या नाहीत, असं ठरलं. त्या प्रेसवरून खाली उतरत. तिथे एक जण त्यांच्या कडा काचकागदाच्या फिरत्या पट्ट्यावर दोनदा घासे, आणि अंगाला जोडून झाल्या की त्या ढकलगाडीवर चढत. मावशीकडे दिवसाला सात निळ्या. तिनेच करायच्या, चाळीस मिनिटांऐवजी तास-तास घेऊन. घाई करू नका, ताईने मुद्दाम सांगितलं होतं. दुकानदारांना आता मावशीचं नाव हवं होतं. निळ्या चिठ्ठीच्या मागे ते छापायचं चाललं होतं.

ती आता सातला यायची. दुपारी बसून जेवायची. चहाला सगळ्यांबरोबर उठायची. पहिल्या दिवशी कँटीनमध्ये तिला कुठे बसायचं कळेना. पेंटरने बाक झटकून जागा दिली. "या, बड्या बाई. आता तुमच्या हातांचा विमा काढा."

"गप रे."

"खरंच सांगतो. सातपटीचे हात आहेत."

तिने चहा अर्धा टाकला आणि ती परत गेली.

साडेतीनला तिच्या निळ्या संपत. मग ती हात मांडीवर ठेवून बसायची. पॅकिंग तिच्या टेबलाच्या पलीकडे होतं. ढकलगाडी समोरून जायची, दिवसातून चार वेळा, दहा-दहा पिवळ्या उभ्या लावलेल्या. ट्यूबलाइटच्या उजेडात फ्रेटची टोकं चमकायची. लांबूनसुद्धा तिला दिसायचं कुठला कोपरा वर आलाय ते. तिसरी फ्रेट. अकरावी. शेवटची तर हमखास.

एक आठवडा तिने सोसलं. एकदा ती कानस घेऊन उठली आणि गाडीबरोबर चार पावलं चालत गेली. गाडी ढकलणारा थांबला. "काय मावशी, काही राहिलं का?" ती म्हणाली, "नाही, काही नाही." आणि वळली. धाकटी आपल्या नेकवर वाकली होती, अगदी खाली, नाक लागेल इतकी.

त्या सोमवारी मावशी सुपरवायझरकडे गेली.

"साहेब, माझं टेबल फिरवून द्या. भिंतीकडे तोंड करून."

"भिंतीकडे? अहो, उजेड मागून येईल. हाताची सावली पडेल कामावर."

"दिवा लावून द्या एक."

"इतकी वर्षं इथे बसलात, आता काय झालं?"

"काही झालं नाही. द्या फिरवून."

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग त्याच्या मागून ढकलगाडी गेली, आणि त्याने पुढे विचारलं नाही. जेवणाच्या सुट्टीनंतर दोन कामगारांनी टेबल उचललं आणि फिरवलं. जमिनीवर चार पायांच्या चार खुणा राहिल्या, फरशी तिथे वेगळ्या रंगाची होती. पेंटरने दिवा आणून बसवला.

धाकटी जवळ आली. तिचे डोळे लाल होते, धुळीने म्हणावं तर धुळीने.

"मावशी, माझं पण फिरवू का?"

"नको," मावशी म्हणाली. "तुला अजून वीस वर्षं काढायचीत. तू समोर बघ. तुला सवय होईल."

तिने दिवा जरा खाली ओढला, सहावी निळी घेतली आणि कामाला लागली. मागे गाडीच्या चाकांचा आवाज आला. तो पॅकिंगपर्यंत गेला आणि थांबला. मावशीने मनगट कडेवर ठेवलं. कुठे टोचलं नाही.